अर्ध्यातून उठवायचं ठरलं होतं

नाटकाचं स्टेज उभं करायचं तर आधी जमीन बघावी लागते. काळी माती असेल तर खांब खोल जायला हवा, मुरूम असेल तर थोडक्यात भागतं. खांब हलला की पडदा हलतो, आणि पडदा हलला की मागचा राजवाडा हलतो. मग राजाला कोण भितो?

गजेंद्रगडच्या एका सीनसिनेरीच्या दुकानात मी आयुष्यभर हेच काम केलं. पडदे, झालरी, विंगा, लाकडी देऊळ, झोपडी, सगळं ट्रॅक्टरवर टाकून जत्रेच्या गावाला जायचं. दुपारपर्यंत उभं करायचं, रात्रभर दोर ओढायचे, सकाळी उतरवायचं. आता गुडघे गेले. घरी बसून असतो. बसल्या बसल्या हेमक्काचा विचार येतो.

भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातींत तिचं नाव असायचं हेमलता गजेंद्रगड, सगळ्यात मोठ्या अक्षरात. घरी ती हुलिगेव्वा. आमच्याच गल्लीत राहायची, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मला ईरण्णा म्हणायची. आमच्या भागात गावची नाटकं गावकरीच करतात. शेतकरी, शिंपी, शाळामास्तर, सगळे पुरुष पार्ट घेतात आणि दोन महिने देवळात तालीम करतात. बायकांचे पार्ट मात्र गावची बाई करत नाही. त्यासाठी हेमक्कासारख्या बायका पैसे देऊन बोलवायच्या. ती नाटकाच्या दिवशी दुपारच्या बसनं पत्र्याची पेटी घेऊन उतरणार, एक तालीम करणार आणि रात्री स्टेजवर उभी राहणार. कुठल्याही गावात, कुठल्याही नाटकात, कुठल्याही शेतकऱ्याची बायको. सगळी नाटकं तिला तोंडपाठ. समोरचा गडी वाक्य विसरला तर पदर तोंडाशी नेऊन ती त्याचंही वाक्य त्याला सांगायची. लोकांना वाटायचं ती रडते आहे.

मी कामाच्या बाबतीत सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही. तिला म्हणायचो.

तिला मान होता म्हणायचा तर होता. बसस्टँडवर चहावाला पैसे घ्यायचा नाही. ट्रॅक्टरवरची पोरं तिला बघून तिचीच वाक्यं ओरडायची. आणि नळावर ती आली की बायका घागरी जरा बाजूला ओढून घ्यायच्या. तेही लोक तेच. तिचा नवरा म्हणावा असा एक पेटीमास्तर होता, पण तो मुलगी झाल्यावर दुसऱ्या कंपनीबरोबर गेला तो गेलाच. मुलगी पवित्रा. हेमक्कानं तिला बागलकोटला ठेवून नर्सचं शिक्षण दिलं. स्टेजच्या वाऱ्याला उभं केलं नाही.

त्या वर्षी माघात मुगळीकट्टी गावची माणसं तिच्याकडे विडा घेऊन आली. पान, सुपारी आणि वर थोडे पैसे. विडा घेतला की शब्द गेला, मग माणूस आजारी असो की घरात लग्न असो. नाटक होतं ‘उंबऱ्याबाहेरची आई’. हेमक्का हिरोची बायको. हिरो गावचे सोमनगौडा. घरची शेती, मोठी मिशी, आवाज लांबून ऐकू येणारा.

फाल्गुनात पवित्राला मागणी आली. मुलगा बागलकोटला बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. दवाखान्यात आईला घेऊन आला, तिथं पवित्राला बघितलं आणि करीन तर हिच्याशीच म्हणून बसला. नाव विजयगौडा. गाव मुगळीकट्टी. बाप सोमनगौडा.

म्हणजे ज्याच्याबरोबर हेमक्कानं झोपाळ्यावर बसून गाणं म्हणायचं, तोच तिचा व्याही होणार होता.

मुलाची आई गिरिजव्वा स्वतःच एक दिवस गजेंद्रगडला आली. मी हेमक्काच्या दाराशी बसून चहा पीत होतो. गिरिजव्वा ताठ बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

“तुम्हाला विहीणबाई म्हणू का हेमलताबाई?”

“हुलिगेव्वा म्हणा. घरात मी तीच.”

“बरं. हुलिगेव्वा, आमचे मालक वर्षभर शेती करतात आणि जत्रा आली की वेडे होतात. त्यांना हिरो व्हायचं असतं. ते मी सोसलं. तुमच्या घराची चौकशी करताना लोकांनी काय काय सांगितलं, तेही सोसलं, कारण पोरगं ऐकत नाही. पण होणाऱ्या सुनेच्या आईचा हात धरून माझा नवरा गाणं म्हणणार, आणि गाव शिट्ट्या मारणार. दुसऱ्या दिवशी मी त्याच गावात पाण्याला जायचं?”

“मी विडा घेतलाय.”

“परत करता येतो की.”

“येतो. पुन्हा कुणी देत नाही.”

आतून पवित्रा म्हणाली, “आई, दे ना परत मग.”

हेमक्कानं आत बघितलं नाही. विचारलं, “आईचा पार्ट कोण करतंय?”

“शिंपी फकीरप्पा. खर्च नको म्हणून पुरुषालाच लुगडं नेसवणार आहेत.”

“तो मी करते. बायकोला गदगहून रूपा येईल, मी सांगते तिला. मी गौडांची बायको नाही, आई होते. मग तर लाज नाही?”

गिरिजव्वानं जरा विचार केला. मग पहिल्यांदा हसली.

“म्हणजे माझी सासू.”

“एका रात्रीपुरती.”

“चालेल. सासूला कुणी शिट्टी मारत नाही.” आणि मग तिनं पाणी घेतलं.

ती गेल्यावर मी हेमक्काला म्हणालो, “पांढऱ्या केसांचा टोप एकदा चढला की उतरत नाही. नरगुंदची शारदा आठव. पावसाळ्याआधी आईचं काम केलं. दिवाळीला हिरॉईनचा एक विडा आला नाही तिला.”

“माहीत आहे.”

“अजून पाचसात वर्षं चाललं असतं तुझं.”

“कंबर धरते रे आता. किती दिवस झोपाळ्यावर बसून लाजायचं?” ती म्हणाली खरी. पण कपबशा उचलताना भिंतीवरच्या आरशापाशी थांबली, आणि केस मागे घेऊन बघितलं. मी चहा संपवला आणि निघालो.

आता चूक सांगतो. ती आम्हा सगळ्यांची होती. नाटक हेमक्काला पाठ. मुगळीकट्टीची तालीम घेणाऱ्या बसय्या पेटीमास्तरांनी ते कितीतरी गावांना शिकवलेलं. मी त्याच्या शेवटच्या प्रवेशावर पडदा टाकून टाकून हात झिजवलेला. तरी सगळ्यांचं डोकं त्या झोपाळ्याच्या गाण्यात अडकलं आणि शेवटचा प्रवेश कुणाच्याही ध्यानात आला नाही. त्यात रुद्र म्हणून मुलगा आहे, तोच हिरो. बायकोच्या नादानं तो आईला घराबाहेर काढतो. शेवटी सगळं गमावून फाटकी घोंगडी पांघरून देवळाच्या दारात येतो, तिथं आई भीक मागत बसलेली. आई उभी राहते, पण बोलत नाही. तो तिच्या पायावर डोकं ठेवतो. तेव्हा ती एकच वाक्य बोलते, “आत्ता माझा रुद्र घरी आला.” पडदा. सगळं नाटक या वाक्यासाठी रचलेलं आहे. आणि डोकं पायाला लागल्याशिवाय ते वाक्य म्हणता येत नाही.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुगळीकट्टीत तालीम लागली. मी वरचे दोर बांधत होतो. रथ ओढून झालेला, देवळापुढे केळ्यांच्या साली आणि रथावर उधळलेल्या खारका पडलेल्या. शिंपी फकीरप्पा खांबाला टेकून बसला होता.

“पार्ट गेला ते गेलं,” तो म्हणत होता. “पण आईसाठी मिशी काढली मी. ती आता कमिटी परत देणार का?”

“उगवेपर्यंत रूपाच्या मागं मैत्रीण म्हणून उभा राहा,” कुणी तरी म्हणालं.

सोमनगौडांना पाठांतर नव्हतं. पण मेहनत होती, ती मी नाकारणार नाही. दोन महिने शेतातून थेट तालमीला यायचे, पाय न धुता. शेवटचा प्रवेश आला. हेमक्का देवळाच्या पायरीवर उभी. सोमनगौडा लडखडत आले, वाकायला लागले, आणि कट्ट्यावरून म्हातारे चन्नवीरज्जा ओरडले,

“अरे ए सोम्या! मुलाचा बाप ना तू?”

सोमनगौडा तसेच थांबले.

“मुलीच्या आईच्या पाया पडायला लागलास? मग वरातीत मुलीकडच्या बायकांची कळशीही तूच घे डोक्यावर!”

सगळे हसले. सोमनगौडा हसले नाहीत. त्यांनी घोंगडी खांद्यावरून काढली. “हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, मास्तर.”

बसय्या मास्तर पेटीवरून उठले. “पाया रुद्र पडतो, गौडा. तुम्ही नाही.”

“रुद्राला गाव ओळखत नाही,” चन्नवीरज्जा म्हणाले. “सोम्याला ओळखतं.”

“मग काय हा प्रवेश काढू? नाटकाचं नाव काय आहे, तेही बदलू?”

बराच वेळ वाद झाला. कुणी म्हणालं दुरून हात जोडू दे. कुणी म्हणालं हेमलतानं पडद्याआड उभं राहावं. नैवेद्याचं ताट घेऊन गिरिजव्वा देवळाच्या दारात उभी होती. ती खाली आली.

“अर्ध्यातून उठवायचं,” ती म्हणाली. “हे वाकले की हुलिगेव्वानं खांदे धरून वर घ्यायचं. पायाला हात लागता कामा नये. तुमचं नाटकही झालं, आमचं नातंही राहिलं.”

सगळ्यांना पटलं. मास्तरांनी पेटीचा भाता धपकन मिटला. गिरिजव्वा हेमक्काकडे बघत राहिली.

“बरं,” हेमक्का म्हणाली.

एकदा करून बघितलं. सोमनगौडा वाकले, तिनं खांदे धरले, वाक्य म्हटलं. म्हटलं म्हणजे, पाहुण्याला या बसा म्हणावं तसं म्हटलं.

तालीम संपल्यावर ती मागं माझ्याजवळ येऊन दोरांच्या वेटोळ्यावर बसली. पांढरा टोप मांडीवर. फणीनं ती त्याचा गुंता काढत होती.

“कसं झालं?” तिनं विचारलं.

“सैल.”

“मलाही तसंच वाटलं.” फणी थांबली. “ईरण्णा, या कामात माणसाला वाटतं रडायला मेहनत लागते. लागत नाही. थांबायला लागते. ते वाक्य यायच्या आधी जे थांबायचं असतं ना, त्यात सगळं आहे. ते आज काढून टाकायचं.”

“मुलीसाठी आहे.”

“हो. तेच म्हणते मी स्वतःला.” तिनं टोप गुडघ्यावर चढवून बघितला. “शाळेत पोरं पवित्राला माझी वाक्यं म्हणून दाखवायची, माहीत आहे? ‘स्वामी, मला सोडून जाऊ नका,’ असं म्हणत तिच्या मागं धावायची. ती घरी येऊन म्हणायची, आई, दुसरं काम कर. मी म्हणायचे, दुसरं येत नाही गं. खोटं होतं ते. विड्या वळता येतात मला, मावशीनं शिकवलेलं. दुसरं काम आवडत नव्हतं, एवढंच. तिला गोवर आला तेव्हा मी कुठल्या तरी गावात कुणाची तरी सून होते. कुठल्या गावात, तेही आता आठवत नाही. टाळ्या मात्र आठवतात.”

मी दोराला गाठ मारत राहिलो.

“आज एक अर्धा नमस्कार तिच्यासाठी सोडायचा आहे,” ती म्हणाली. “तेवढं जमेल ना मला?”

“जमेल.”

“मग असं कर. मी खांद्याला हात लावला की लगेच पडदा टाक. वाट बघू नको. ते वाक्य लोकांना नीट ऐकू गेलं नाही तर बरं.”

नाटक रात्री उशिरा सुरू झालं. तिथपासून उजाडेपर्यंतचं सगळं सांगत नाही. हेमक्का पांढऱ्या केसांत पहिल्यांदा आली तेव्हा मागं उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून कुणी तरी ओरडलं, “ए हेमलता, म्हातारी झालीस की!” लोक हसले. तिनं ऐकलं न ऐकलं केलं, कंबरेवर हात ठेवून रुद्राच्या पानात भाकरी वाढली, आणि ते हसणं थोड्या वेळानं आपोआप बंद पडलं. घराबाहेर काढण्याच्या प्रवेशात बायकांच्या बाजूनं नाकं ओढल्याचा आवाज येत होता. मी कितीतरी आया बघितल्या आहेत या नाटकात. त्या बाहेर जाताना मागं वळून रडतात. ही दारातल्या चपला सरळ लावून गेली. मुलाच्या चपला. तसं पुस्तकात नाही.

पवित्रा विंगेत माझ्या बाजूला उभी होती. लग्नाआधी मुलीनं सासरच्या गावात दिसू नये म्हणून ती समोर बसली नव्हती. आईच्या पेटीपाशी राहायचं, चहा द्यायचा, साडी बदलायला मदत करायची, एवढंच. तिनं याआधी आईचं नाटक कधी बघितलंच नव्हतं.

शेवटचा प्रवेश उजाडताना आला. तो नेहमी तेव्हाच येतो. ट्यूबलाइट फिकी पडली होती, लोकांचे चेहरे स्टेजवरून दिसायला लागले होते. पुढच्या रांगेत चन्नवीरज्जा घोंगडी घेऊन बसलेले. त्यांच्या पलीकडे बायकांत गिरिजव्वा. मी पडद्याचा दोर खुंटीवरून सोडून हातात घेतला.

सोमनगौडा आले. घोंगडी फाटकी, डोक्यात माती. खरंच थकले होते, अभिनय करायची गरज नव्हती. हेमक्का पायरीवरून उठली. ते वाकले. अर्धे वाकले आणि थांबले, कारण तिथं तिचा हात यायचा होता.

हात आला नाही.

ती त्यांच्याकडे बघत होती. सोमनगौडांकडे नव्हे. मी बाजूनं बघत होतो, माझी नजर चुकत नाही. ती रुद्राकडे बघत होती, आणि रुद्र अजून घरी आला नव्हता.

“हेमक्का, हात,” सोमनगौडा दातांतून म्हणाले. मला ऐकू आलं, म्हणजे तिलाही आलं असणार.

पवित्रा माझ्या दंडाला धरून म्हणाली, “ईरण्णामामा, आई विसरली का?”

“ती विसरत नाही.”

मग पवित्रानं विंगेतून, हळू पण स्पष्ट, म्हटलं, “आई, धर.”

समोर एवढी माणसं बसलेली, आणि एक पोरसुद्धा खोकलं नाही. दोर माझ्या तळहातात होता. खांद्याला हात लागला की पडदा, एवढंच मला सांगितलेलं होतं. हात लागला नाही, तर मी पडदा टाकणारा कोण? पोती उचलणाऱ्या कुणालाही विचारा, अर्धवट वाकून उभं राहणं सगळ्यात जड. माणूस एक तर सरळ होतो नाही तर खाली जातो. सरळ व्हावं तर गाव बघत होतं. सोमनगौडांच्या मांड्या थरथरायला लागल्या. मग गुडघे टेकले, मग हात टेकले, आणि त्यांचं कपाळ तिच्या पायावर गेलं.

ती तरी थांबली. आणखी थोडं थांबली.

मग म्हणाली, “आत्ता माझा रुद्र घरी आला.”

हळूच म्हणाली. मागच्या ट्रॉलीवरच्या माणसांपर्यंत गेलं ते. आणि मग तिनं खाली वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला. मी दोर सोडला.

पडद्याबाहेर काय गलका झाला तो सांगता येत नाही. चन्नवीरज्जा घोंगडीनं डोळे पुसत सोमनगौडांना शिव्या देत होते, आणि त्या शिव्या प्रेमाच्या होत्या. पडद्याआत सोमनगौडा मांडी घालून स्टेजवरच बसले होते. “मास्तर, माझ्या हातून असं काम पुन्हा होणार नाही,” असं म्हणत होते आणि रडत होते. आपलं काय झालं ते त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

गिरिजव्वाच्या लक्षात आलं होतं. ती मागच्या बाजूनं आत आली. हेमक्का पेटीवर बसून टोपाच्या पिना काढत होती. पवित्रा बाजूला उभी.

“काय ठरलं होतं?” गिरिजव्वा म्हणाली.

“अर्ध्यातून उठवायचं.”

“मग?”

“हात गेला नाही.”

“मुद्दाम?”

हेमक्कानं पिना एक एक करून डबीत टाकल्या. “मुद्दाम नाही,” ती म्हणाली. “चुकूनही नाही.”

“हे मी लोकांना कसं सांगू, गावात विचारलं तर?”

हेमक्कानं डबीचं झाकण लावलं. गिरिजव्वानं पवित्राकडे बघितलं, तिच्या हातातल्या चहाकडे बघितलं.

“लग्न मोडत नाही मी. पोरगं जेवण सोडेल. पण सासू एका रात्रीपुरती म्हणाली होतीस ना? ती रात्र झाली. आता मुलाची आई मी, आणि मुलीची आई तू. लक्षात असू दे.”

पवित्रानं चहा आईसमोर ठेवला आणि बाहेर गेली. मी विंगा खोलायला लागलो. सकाळी उतरवायचं असतं सगळं.

लग्न वैशाखात मुगळीकट्टीतच झालं. मांडवाचे खांब मीच रोवले, घरचं काम म्हणून. मुलीच्या आईनं मुलाच्या बापाच्या पाया पडायचं असतं, ती वेळ आली. हेमक्का साध्या हिरव्या इरकल साडीत, केसांना तेल लावून पुढं आली. कुठल्या तरी पोरानं मागून म्हटलं, “गौडा, अर्ध्यातून उठवा आता!” मांडव हसला. सोमनगौडाही हसले. वाईट माणूस नव्हे तो. हेमक्का वाकली तसा त्यांनी हात पुढं केला. तेवढ्यात त्यांनी बायकोकडे बघितलं. पुढं केलेल्या हातानं त्यांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला.

हेमक्का पूर्ण खाली गेली. नमस्कार वेडावाकडा झाला, पदर पायाखाली आला, उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागला. स्टेजवर तिच्याकडून असं कधी झालं नव्हतं. पवित्रा मुंडावळ्यांतून बघत होती.

त्यानंतर हिरॉईनचा विडा आला नाही, मी म्हणालो होतो तसाच. पण आईचे आले. मुगळीकट्टीच्या त्या पहाटेची गोष्ट जत्रेतून जत्रेत गेली. सगळ्यांना ‘उंबऱ्याबाहेरची आई’ हवी, आणि आई हेमलताच हवी. आयुष्यात मिळाला नव्हता एवढा मान. पूर्वी पोरं तिच्याकडे बघून शिट्ट्या मारायची, आता बायका पोरांना तिच्या पाया पडायला लावायच्या. नळावर घागरी बाजूला ओढायच्या थांबल्या.

पवित्रा नागपंचमीला माहेरी आली. पहिली पंचमी, म्हणून मी त्यांच्या दारच्या लिंबाला झोका बांधत होतो. मायलेकी ओट्यावर शेंगदाण्याचे लाडू वळत होत्या. इकडचं तिकडचं चाललं होतं, दवाखान्याचं, नवऱ्याचं. मग पवित्रा म्हणाली,

“आई, तेव्हा मी विंगेत होते.”

“हो.”

“मी ‘धर’ म्हणाले होते. ऐकू आलं होतं तुला?”

खोटं बोलता आलं असतं. हेमक्कानं हातातला लाडू पूर्ण वळला आणि ताटात ठेवला.

“आलं होतं,” ती म्हणाली. “पाठीमागून कुणी वाक्य सांगतं ना, तसं. कुणाचा आवाज आहे ते कळलं नाही.”

पवित्रानं मान हलवली. रडली वगैरे नाही. पदराला हात पुसले, माझ्याकडे आली आणि विचारलं, “मामा, दोर पक्का आहे ना?”

“बसून बघ.”

ती बसली. हेमक्का झोका द्यायला उठली, तर पवित्रा म्हणाली, “राहू दे, मी घेते पायानं.” आणि पायानंच घेत राहिली.

त्याच दिवशी दुपारी रोण गावाकडचे लोक विडा घेऊन आले. हेमक्कानं विचारलं, “नाटक कुठलं?”

“तुमचंच, अक्का. उंबऱ्याबाहेरची आई.”

“ते सोडून कुठलंही सांगा.”

“अहो, त्यासाठीच तर आलो! पुढारी लोक येणार आहेत. तुम्ही नुसतं उभं राहायचं, गाव रडेल.”

“ते सोडून सांगा.”

त्यांनी फार विनवलं. ताट ओट्यावर ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी गेले. झोक्यावरून पवित्रा म्हणाली, “घ्यायचा होतास की. आता कुणाला लागतंय अर्ध्यातून उठवायला?”

“कुणाला नाही,” हेमक्का म्हणाली, आणि लाडवाचं ताट आत नेलं.

ते नाटक तिनं पुन्हा केलं नाही. बाकी आया करते, अजून करते. ‘उंबऱ्याबाहेरची आई’ अजून गावोगाव लागतं. त्यात आता दुसऱ्या बायका उभ्या राहतात. काम सोडायच्या आधी मी त्यांच्यासाठीही पडदा टाकला आहे. त्या हात लवकर देतात. पडदा वेळेवर पडतो, आणि लोक उठून आपापल्या शेतावर जातात.